तापात किवी, बीट आणि गोळ्यांची पाकिटं : या चुका टाळा

पावसाळा ओसरू लागला की नागपुरात कूलरच्या टाकीत साचलेल्या पाण्यातून डास निघतात, आणि फळांच्या गाड्यांवर किवीचा भाव चढतो. घरात कुणाला डेंग्यू झाला की भेटायला येणारा प्रत्येक जण, किवीने प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या, डेंग्यूत कमी होणाऱ्या पेशी) वाढतात या समजुतीने, किवीचा डबा घेऊन येतो. दोन वर्षांपूर्वी आत्या आजारी पडली तेव्हा आमच्याकडे सात डबे जमले होते. शेवटी ती किवी मुलांनीच खाल्ली.

महागडं फळ म्हणजे जास्त गुणकारी, हा समज

१०० ग्रॅम किवीत क जीवनसत्त्व साधारण ९० मिलिग्रॅम असतं. आपण इकडे ज्याला जाम म्हणतो त्या पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या वर जातं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे अर्ध्या जामात काम भागलं. कच्चा आवळा तर त्याहून बरा. पण उन्हात वाळवलेल्या आवळा सुपारीत तेवढं क जीवनसत्त्व उरत नाही. आणि यातलं काहीही प्लेटलेट वाढवायचं औषध नाही. आजार उतरला की प्लेटलेट आपोआप वाढतात. श्रेय मात्र त्या दिवशी ताटात जे असेल त्याला मिळतं.

कमतरता भरणं आणि भरलेल्या हंड्यात ओतत राहणं, यात गल्लत

सगळ्यात मोठी चूक ही. आहाराचा विषाणूशी संबंध नाहीच, असं मी म्हणत नाही. उलट, तो फार खोल आहे. चीनमधल्या केशान भागात १९३५ मध्ये हृदयाच्या स्नायूंचा एक आजार नोंदला गेला. तिथल्या जमिनीत सेलेनियम हे खनिज फार कमी, त्यामुळे धान्यातही कमी. पण नुसती कमतरता हे पूर्ण कारण नव्हतं, कॉक्सॅकी नावाचा विषाणूही त्यात गुंतलेला होता. मेलिंडा बेक आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एरवी निरुपद्रवी असलेला या विषाणूचा प्रकार सेलेनियम कमी असलेल्या उंदरांत गेला तेव्हा त्याच्या जनुकांतच बदल झाले. तिथून काढलेला विषाणू मग नीट खाऊनपिऊन असलेल्या उंदरांच्या हृदयालाही इजा करू लागला. उपाशी घरात शिरलेला चोर तिथून हत्यार घेऊन बाहेर पडावा, तसं.

सेलेनियम हा पेशींना ऑक्सिडीकरणाच्या इजेपासून वाचवणाऱ्या एका एन्झाइमचा भाग आहे. गोवर झालेल्या मुलांना अ जीवनसत्त्वाचे दोन डोस द्यावेत, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही कमतरतेच्याच विचारातून आली. पण ते डोस डॉक्टरांनीच द्यायचे, मनाने नाही.

म्हणून ‘कमी वाईट, तर जास्त चांगलं’ असा हिशेब जुळत नाही. क जीवनसत्त्व आणि झिंकचे मोठे डोस घरी असलेल्या कोविड रुग्णांना देऊन अमेरिकेत चाचणी झाली. २०२१ मध्ये निकाल आला, लक्षणांत ठळक फरक पडला नव्हता. तरी आपल्या घरोघरी त्या आंबट-गोड गोळ्या अजून पेपरमिंटसारख्या चघळल्या जातात. झिंक दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. क जीवनसत्त्वाचा अतिरेक मुतखड्याला आमंत्रण देऊ शकतो, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याला वेगळ्या आमंत्रणाची गरजच नसते. सेलेनियमचं तर पुरेसं आणि जास्त यांतलं अंतरच थोडं. जास्त झालं की केस गळतात, नखं तुटतात. २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या गावांत अचानक केसगळती सुरू झाली, तेव्हा चर्चा सेलेनियमचीच झाली होती.

आठवडाभर नुसता साबुदाणा

‘वरण जड पडते, खीरच दे.’ आत्याच्या उशाशी हे वाक्य मी किमान चारदा ऐकलं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. शरीर स्वतः जे ग्लुटाथायोन नावाचं अँटिऑक्सिडंट तयार करतं, त्याला प्रथिनांतले अमिनो आम्ल लागतात. ते साबुदाण्यातून कुठून येणार? पहिल्या दिवशी घास जात नसेल तर ठीक आहे. पण भूक लागताच मऊ वरणभात, मुगाची खिचडी, ताक, चालत असेल तर अंडं द्या. वरून लिंबू पिळा, सांबार म्हणजे कोथिंबीर पेरा. कोहळ्याच्या (म्हणजे लाल भोपळ्याच्या) किंवा पालकाच्या भाजीला चमचाभर तेलाची फोडणी हवीच, कारण त्यातलं कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते स्निग्धाशिवाय नीट शोषलं जात नाही. सावजी रस्सा मात्र आठवडाभर थांबेल.

बीट-डाळिंबाचा रस पाजून रंग बिघडवणं

डेंग्यूत धोक्याची वेळ बहुधा ताप उतरल्यावर येते, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास. नेमकं तेव्हाच घरचे सैल पडतात. पोटात जोराचं दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, काळी शौच, खूप सुस्ती, यातलं काही दिसलं की लगेच दवाखाना. बीट पाजलं असेल तर उलटी किंवा शौच लाल दिसली की रक्त आहे की रस, हे कळत नाही. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन मनाने देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आत्याच्या वेळी पाचव्या दिवशी डॉक्टरांनी काय खाल्लं हे विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, शेवटची लघवी किती वाजता झाली. शरीरात पाणी पुरतंय का, ते त्यावरून कळतं. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. त्या संध्याकाळी किवीच्या रिकाम्या डब्याच्या पुठ्ठ्यावर तीन रकाने आखले : ताप, किती प्यायली, लघवी केव्हा. तो पुठ्ठा पुढचे चार दिवस फ्रिजवर चिकटलेला होता.