टंगस्टन ऑक्साइडच्या फिल्मला रंग चढवताना या चुका टाळा

सांगलीतल्या आमच्या प्रयोगशाळेत एम.एस्सी.च्या प्रकल्पाला दरवर्षी कुणीतरी इलेक्ट्रोक्रोमिक, म्हणजे व्होल्टेज दिलं की रंग बदलणारी, फिल्म घेतंच, आणि चांगल्या फिल्म त्याच त्या कारणांनी वाया जातात. जीव तुटतो.

सगळ्यात जास्त घात करते ती घाई. निगेटिव्ह व्होल्टेज दिलं की वीजवाहक थर असलेल्या काचेच्या बाजूने इलेक्ट्रॉन आणि द्रावणातून हायड्रोजन किंवा लिथियमचे आयन एकाच वेळी फिल्ममध्ये शिरतात. काही टंगस्टनची संयुजा ६ वरून ५ होते आणि पारदर्शक फिल्म निळी दिसू लागते. व्होल्टेज उलटं केलं की आयन बाहेर पडतात, रंग उतरतो. या ये-जा करण्याला वेळ लागतो, तो द्यायलाच हवा. गेल्या पावसाळ्यात एका मुलाची फिल्म सल्फ्युरिक आम्लात सुरेख निळी होत होती. रंग पटकन चढावा म्हणून त्याने थेट ३ व्होल्ट लावले. फिल्मवर हायड्रोजनचे बुडबुडे आले, कडेने पापुद्रे सुटले आणि खालचा आयटीओचा (इंडियम टिन ऑक्साइडचा) वीजवाहक थर तपकिरी पडला. त्या थरातल्या ऑक्साइडचं क्षपण होऊन धातू झाला होता. मग त्याने कितीही वेळ पॉझिटिव्ह व्होल्टेज दिलं तरी काच पुन्हा स्वच्छ झाली नाही. मी आम्लात कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या (स्थिर व्होल्टेजच्या रेफरन्स इलेक्ट्रोडच्या) तुलनेत उणे ०.५ व्होल्टच्या पुढे सहसा जात नाही. आधी ०.१ ने उतरायचं, करंट स्थिरावू द्यायचा, मगच पुढची पायरी. रेफरन्स इलेक्ट्रोड न लावता नुसती बॅटरी जोडणं मला मुळीच पटत नाही. फिल्मवर नेमकं किती व्होल्टेज पडतंय ते त्यात कळतच नाही.

दुसरी चूक कॉपी करण्याची. मित्राची निकेल ऑक्साइडची फिल्म केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कलीत) छान तपकिरी होते, म्हणून आपली टंगस्टनचीही त्यातच बुडवायची! टंगस्टन ऑक्साइड आम्लधर्मी आहे, अल्कलीत ते विरघळतं. रंग चढायच्या आधी फिल्मच जाते.

काचेची कंडक्टिंग बाजू मल्टिमीटरने तपासल्याशिवाय फिल्म चढवू नका. क्रोकोडाइल क्लिप द्रावणाला टेकू देऊ नका. जास्त तापमानाला भाजायचं असेल तर आयटीओऐवजी एफटीओची (फ्लोरिन मिसळलेल्या टिन ऑक्साइडच्या थराची) काच घ्या, कारण हवेत तापवल्यावर आयटीओचा रोध वाढतो. आणि लिथियम पर्क्लोरेटची बाटली पावसाळ्यात उघडी ठेवू नका, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. वापर झाला की लगेच बूच लावून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा.