पिकअपसाठी कमी खर्चात ऑल-टेरेन टायर कसे निवडावेत

शेतातून भाजी भरून निघालेल्या पिकअपला आधी दोन किलोमीटर पाणंद लागते, मग पन्नास-साठ किलोमीटर डांबर, वाटेत एखादा घाट. ऑल-टेरेन टायर, दुकानाच्या भाषेत ‘एटी’, अशाच मिश्र रस्त्यासाठी बनवलेला असतो. डांबरावरच्या एचटीपेक्षा त्याची नक्षी खोल आणि मोकळी असते, पण चिखलासाठीच्या एमटीइतकी उघडी नसते. पैसे वाचवायचे असतील तर खरेदी वजनापासून सुरू करा. नक्षी आणि ब्रँड त्यानंतर. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि वर्षभरात मागचे दोन टायर फुगवटा येऊन फेकून देतात.

पहिली पायरी: रस्त्याचा हिशेब

आठवडाभर किती किलोमीटर डांबर आणि किती कच्चा रस्ता होतो ते लिहून काढा. कच्चा रस्ता दहा टक्क्यांच्या आत असेल आणि तोही मुरमाचा असेल, तर एटीची गरजच नाही. चांगला एचटी घ्या. तो हलका असतो, डिझेल कमी पितो, आवाज कमी करतो आणि ओल्या डांबरावर सहसा लवकर थांबवतो. वीस-तीस टक्के कच्चा रस्ता, खडी, नदीपात्रातली वाळू असं असेल तर एटी पैसे वसूल करून देतो.

काळ्या मातीबद्दल मात्र गैरसमज नको. पावसात ती चिकट होऊन नक्षीच्या खाचांत भरते आणि चार-पाच फेऱ्यांतच टायर गुळगुळीत रूळ होऊन बसतो. हळू फिरणाऱ्या चाकातून ती माती बाहेर फेकली जात नाही. टू-व्हील ड्राइव्ह पिकअप अशा शिवारात एटी लावूनही अडकणारच. माल बांधावर आणून भरणं हाच तिथे उपाय. कोकणात अडचण वेगळी असते. जांभ्याच्या कडा टायरच्या बाजूला कापतात, म्हणून तिथे नक्षीपेक्षा साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, मजबुती आधी बघायची.

दुसरी पायरी: काट्यावर मागचा एक्सल तोला

गाडी नेहमीच्या पूर्ण लोडसह बाजार समितीच्या किंवा साखर कारखान्याच्या काट्यावर न्या. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग पुढची चाकं काट्याबाहेर काढून फक्त मागची चाकं प्लॅटफॉर्मवर ठेवा. दुसरा आकडा म्हणजे मागच्या एक्सलचा भार. तो गाडीच्या प्लेटवर दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर टायर बदलून काही साधणार नाही, लोडच कमी करावा लागेल.

समजा आकडा १,९०० किलो आला. म्हणजे एका टायरवर ९५० किलो. आता टायरच्या बाजूवर मापानंतर छापलेला लोड इंडेक्स बघा. १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०, ११० म्हणजे १,०६० आणि ११६ म्हणजे १,२५० किलो. ‘११६/११४’ असं लिहिलं असेल तर पहिला आकडा एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकाचा. पिकअपला मागे एकेरी चाक असेल तर पहिलाच आकडा धरायचा.

चूक इथेच होते. २१५/७५ आर१५ या मापात एसयूव्हीचा टायरही मिळतो आणि मालवाहू गाडीचाही. दोन्ही एकाच डिस्कवर (चाकाच्या रिमवर) बसतात, पण लोड इंडेक्स १०० असलेला टायर आपल्या उदाहरणातल्या चाकावर दीडशे किलोने कमी पडतो. मग उन्हाळ्यात साइडवॉल सतत वाकते, आतली उष्णता वाढते, दोऱ्याचे थर सुटतात आणि टायर फुटतो. दोष रस्त्यातल्या दगडाला दिला जातो. ९५० किलोच्या गरजेला १०६ म्हणजे अगदी काठावरचं झालं. खड्ड्यात आदळताना आणि वळणावर एका बाजूला भार जास्त येतो, म्हणून किमान ११० घ्या. कंपनीने गाडीला दिलेल्या इंडेक्सपेक्षा खाली कधीच जाऊ नका.

तिसरी पायरी: माप बदलायचा मोह आवरा

एटी म्हटलं की जाड टायर लावावासा वाटतो. २१५/७५ आर१५ चा व्यास साधारण ७०३ मिमी, तर २३५/७५ आर१५ चा ७३३. तीस मिलिमीटरचा हा फरक क्षुल्लक वाटतो, पण स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात १०४ वर असते. चढावर भरल्या गाडीचा क्लच जास्त झिजतो, ब्रेकला जास्त जोर लागतो आणि लोडने पाटे बसले की टायर मडगार्डला घासतो. पासिंगच्या वेळीही प्रश्न निघू शकतो. कंपनीने मंजूर केलेल्या मापातच राहा.

इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपच्या सुरुवातीच्या गाड्यांना २४५/७० आर१६ होता, नंतरच्या गाड्यांना २५५/६० आर१८ आला. ज्यांच्याकडे सोळा इंची डिस्क आहे त्यांनी ती जपावी. सोळा इंची टायर सहसा स्वस्त पडतो, आणि उंच साइडवॉल खडकाळ रस्त्यावर डिस्क वाचवते.

चौथी पायरी: टायरची बाजू वाचा

दुकानदाराने टायर समोर ठेवला की हात फिरवत पूर्ण गोल वाचून काढा. एका बाजूला ‘डॉट’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ‘३२२४’ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. वर्षाच्या आतला माल घ्या. दोन वर्षं पडून राहिलेल्या टायरवर घसघशीत सूट मिळते, पण रबराचं वय गोदामातही वाढतं. आयात केलेल्या स्वस्त टायरबाबत हे जास्त काटेकोरपणे बघा. जून २०२० मध्ये केंद्राने टायर आयातीवर निर्बंध आणले, त्याआधीचा उरलेला माल अजून कुठे पुढे केला गेला तर तो हातात धरू नका.

आयएसआय चिन्हाजवळचा क्रमांकही बोलका असतो. आयएस १५६३३ प्रवासी गाडीच्या टायरचं मानक आहे, आयएस १५६३६ व्यावसायिक वाहनांच्या टायरचं. माल वाहणाऱ्या पिकअपला दुसरा शोधा. पुढे बारीक अक्षरात थरांची माहिती असते: ट्रेडखाली (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागाखाली) किती पॉलिएस्टर, किती स्टील, किती नायलॉन आणि साइडवॉलमध्ये किती थर. दोन टायरमध्ये निवड अडली असेल तर ही ओळ निकाल देते. खडकाळ भागासाठी साइडवॉलचे थर जास्त असलेला उचला.

मग नक्षी. खाचांच्या तळाशी, ठोकळ्यांच्या मध्ये, रबराचे छोटे आडवे उंचवटे दिसतील. ही झीज दाखवणारी खूण, उंची १.६ मिमी. ठोकळे तिथपर्यंत झिजले की कायद्यानेही टायर संपला. नव्या एटीची खोली पट्टीने मोजा: साधारण १० ते १२ मिमी हवी. ठोकळ्यांवर बारीक चिरा असतील तर ओल्या घाटात पकड चांगली मिळते. चिरा नसलेले मोठे मोकळे ठोकळे दिसायला दणकट असतात, पण पावसात ब्रेक दाबल्यावर तेच घसरतात.

पाचवी पायरी: किंमत किलोमीटरवर काढा

समजा एक टायर ७,००० रुपयांचा आहे आणि ३५,००० किलोमीटर चालतो. किलोमीटरला २० पैसे पडले. ९,००० चा टायर ५५,००० चालला तर सोळा पैशांच्या आसपास. तुमच्याच मार्गावर तीच गाडी चालवणाऱ्या दोघा-तिघांना आकडे विचारा, जाहिरातीतला आकडा धरू नका. अपोलोचा अ‍ॅप्टेरा एटी, सिएटचा झार एटी, जेकेचा रेंजर एटी, योकोहामाचा जिओलँडर एटी हे सहज आठवणारे पर्याय, पण यातही लोड इंडेक्स आणि माप जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. पक्कं बिल घ्या. वॉरंटीचा दावा त्यावरच उभा राहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेही बिलात तपासा.

रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला, टायर पुढच्या चाकाला नको. पुढचा फुटला की स्टिअरिंग हातात राहत नाही.

पैसे दोनच टायरचे असतील तर नवे मागे लावा. रिकामी पिकअप मागून हलकी असते आणि ओल्या वळणावर तिची शेपटीच आधी सुटते. एका एक्सलवर दोन वेगळे टायर नकोत. फोर-बाय-फोर असेल तर चारही एकाच मापाचे, एकाच झिजेचे हवेत, नाहीतर ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो.

बसवताना आणि नंतर

ट्यूबलेस टायर बसवताना व्हॉल्व नवा घ्या, डिस्कच्या कडेचा गंज घासून काढायला लावा, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट दोन्ही करा. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळा. नव्या रबरावर साच्याचा निसरडा थर असतो, म्हणून पहिले तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक किंवा वळण नको.

टायरवर छापलेली हवा ही कमाल मर्यादा असते. रोजचा आकडा दरवाजाजवळच्या पट्टीवर असतो, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा वेगवेगळा. हवा सकाळी टायर थंड असताना तपासा. वाळूत अडकल्यावर रिकाम्या गाडीची हवा थोडी उतरवून हळू बाहेर काढता येते, पण डांबराला लागण्याआधी ती परत भरा. भरल्या गाडीची हवा कधीच उतरवू नका.

दर ८,००० किलोमीटरला चाकं फिरवा: मागची सरळ पुढे, पुढची उलट्या बाजूने मागे. ठोकळ्यांची एक कड उंच आणि दुसरी झिजलेली दिसली, घोंघावण्याचा आवाज वाढला, तर फिरवायला उशीर झाला आहे. फक्त मधला पट्टा झिजला तर हवा जास्त आहे, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी किंवा लोड जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलं आहे. स्टेपनीची हवाही त्याच दिवशी बघा.