गोव्यात दुचाकीचा विमा निवडताना

गेल्या पावसाळ्यात फोंड्यातील आमच्या शेजाऱ्यांच्या अंगणात उभ्या असलेल्या स्कूटरवर फणसाची मोठी फांदी कोसळली. पुढचे पॅनेल फुटले, हेडलाइट निखळला आणि हँडल वाकले. स्कूटर सव्वादोन वर्षांची होती आणि हातातल्या कागदावर विम्याची आणखी पावणेतीन वर्षे शिल्लक दिसत होती, त्यामुळे भरपाई मिळणार याविषयी त्यांना शंकाच नव्हती. प्रत्यक्षात त्यांना एक रुपयाही मिळाला नाही, आणि त्यात विमा कंपनीचे काही चुकले असेही म्हणता येत नाही. पाच वर्षांचा होता तो फक्त थर्ड पार्टी विमा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग पहिल्या वर्षाच्या अखेरीसच संपला होता आणि त्याचे नूतनीकरण करायचे असते हे शोरूममध्ये त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते.

विमा निवडण्याची सुरुवात म्हणूनच हा फरक समजून घेण्यापासून करावी. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला इजा झाली, तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई हा विमा देतो आणि तिला रकमेची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र दुचाकीच्या बाबतीत एक लाख रुपयांची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार हा विमा सक्तीचा असून तो नसताना गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. परंतु चोरी, आग, पूर, पडलेले झाड, घसरून मोडलेली गाडी यांपैकी कशाचीही भरपाई त्यातून मिळत नाही. त्यासाठी पॉलिसीवर ‘ओन डॅमेज’ असे छापलेला भाग चालू असावा लागतो. सप्टेंबर २०१९ पासून तो स्वतंत्रपणे, हव्या त्या कंपनीकडून घेता येतो. आपली पॉलिसी आजच बाहेर काढून या दोन भागांच्या मुदतीच्या तारखा वेगवेगळ्या वाचाव्यात.

ओन डॅमेज प्रत्येकाने घ्यायलाच हवा असे नाही. गाडी दहा-बारा वर्षांची असेल, विकायला काढल्यास पंधरा हजारही येणार नसतील आणि दुरुस्ती ओळखीच्या गॅरेजमध्ये होत असेल, तर थर्ड पार्टी आणि मालकाचा अपघात विमा एवढे माझ्या मते पुरेसे आहे. सहा-सात वर्षांपर्यंतच्या गाडीला मात्र तो घ्यावा, आणि कर्ज अजून फिटायचे असेल तर वाद नकोच. घेताना ‘आयडीव्ही’, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, पाहावी. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी रक्कम तिच्यावरच ठरते. कंपनीच्या चालू विक्री किमतीतून वयानुसार घट वजा करून ती काढतात. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, तर तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घट धरली जाते. नव्वद हजारांच्या स्कूटरची चौथ्या वर्षातली आयडीव्ही त्यामुळे सुमारे ५४,००० येते. हप्ता शंभर रुपयांनी कमी दिसावा म्हणून ती खाली ओढून घेणाऱ्या एजंटाचे ऐकू नये.

झीरो डेप, म्हणजे सुट्या भागांवरचा घसारा न कापण्याचे जादा संरक्षण, घ्यावा की नाही, हे एका हिशेबावरून कळते. समजा, अडीच वर्षांच्या गाडीच्या दुरुस्तीचे बिल ११,५०० रुपये झाले: प्लॅस्टिकचे भाग ६,०००, लोखंडी भाग ४,००० आणि मजुरी १,५००. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापतात आणि या वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर १५ टक्के. म्हणजे ३,००० अधिक ३,४०० अधिक १,५००, त्यातून सक्तीचे १०० रुपये वजा, असे ७,८०० मिळतात आणि ३,७०० खिशातून जातात. झीरो डेप असता तर शंभर रुपयांखेरीज बाकी सर्व मिळाले असते. आजच्या स्कूटरचा बाहेरचा बहुतेक भाग प्लॅस्टिकचाच असल्यामुळे पहिली चार-पाच वर्षे हे जादा पैसे मोजावेत, असे मला मनापासून वाटते.

गोव्याच्या पावसाचा विचार वेगळा करावा लागतो. पूर हा ओन डॅमेजमध्ये येतो, म्हणून पाण्यात बुडालेल्या गाडीची साफसफाई आणि सुटे भाग यांची भरपाई मिळते. पण पणजीतल्या ‘अठरा जून’ रस्त्यावर किंवा मळा भागात गुडघाभर पाण्यात बंद पडलेली गाडी आपण पुन्हा पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला, इंजिनात पाणी ओढले गेले आणि ते जॅम झाले, तर ते परिणामी नुकसान मानून क्लेम नाकारतात. पणजीत रोज गाडी उभी करणाऱ्याने म्हणूनच इंजिनाच्या अशा नुकसानीसाठीचे ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा संरक्षण जोडून घ्यावे. डोंगराळ भागात राहणाऱ्याला त्याची तेवढी गरज नाही. पाणी शिरलेल्या गाडीला बटण किंवा किक न मारता ती ढकलत कोरड्या जागी न्यावी, फोटो काढावेत आणि कंपनीला कळवावे. रायबंदर-चोडण फेरीबोटीतून रोज गाडी नेणाऱ्यांसाठी एक समाधानाची गोष्ट अशी की अंतर्गत जलमार्गाने नेताना झालेले नुकसानही ओन डॅमेजच्या मूळ अटींत धरलेले आहे. खाऱ्या हवेने चढलेला गंज मात्र झीज समजली जाते आणि तिची भरपाई कोणीही देत नाही.

आता माणसाचा विमा. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे, पण तो लागू होतो तो केवळ नोंदणीत नाव असलेल्या आणि वैध परवाना असलेल्या मालकाला. आपल्याकडे गाडी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला असलेल्या, भावाच्या किंवा आखातात असलेल्या वडिलांच्या नावावर असते आणि चालवतो घरातला दुसराच कोणी. त्याला काही झाले तर या पंधरा लाखांतला पैसाही घरी येत नाही. अशा घरांनी चालवणाऱ्याच्या नावे वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढावा, आणि मागे बसणाऱ्यासाठीही जोडसंरक्षण मागून घ्यावे. पाच-दहा रुपयांच्या हिशेबात ही बाब सोडू नये.

गाडीचा वापरही पॉलिसीशी जुळला पाहिजे. पांढऱ्या पाटीची खासगी दुचाकी हंगामात पर्यटकाला भाड्याने दिली आणि अपघात झाला, तर वापराची अट मोडल्याच्या कारणावरून क्लेम अडतो, आणि जखमी व्यक्तीला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल होण्याची वेळ येऊ शकते. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या भाड्याच्या गाड्या आणि पिवळ्या मडगार्डच्या ‘पायलट’ म्हणजे मोटरसायकल टॅक्सी यांचा विमा त्या वापरासाठीच काढलेला असावा लागतो.

क्लेम न केल्याची सवलत म्हणजे एनसीबी पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून पाचव्या वर्षी ५० टक्क्यांपर्यंत वाढते आणि एका क्लेमने शून्यावर येते. आरशासारख्या पाच-सहाशे रुपयांच्या कामासाठी ती घालवू नये. मुदत संपून नव्वद दिवस उलटले तरीही ती जाते. ती माणसाची असते, गाडीची नव्हे, म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याला विकणाऱ्याची सवलत मिळत नाही. त्याने चौदा दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा, अन्यथा ओन डॅमेजचा क्लेम अडतो.

पॉलिसी हाती आल्यावर नोंदणी पुस्तिका शेजारी ठेवून इंजिन आणि चासी क्रमांक एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहावा, वारसाचे नाव भरले आहे ना हे बघावे आणि चूक आढळल्यास त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी. क्लेम अन्यायाने नाकारला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावे. तेथेही दाद न लागल्यास गोव्यासाठीच्या विमा लोकपालाकडे जावे. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे आणि तक्रारीला शुल्क पडत नाही.