कार्यालयाचे दार आपोआप उघडावे यासाठी

कार्यालयातील एखादा सहकारी व्हीलचेअर किंवा कुबड्या वापरत असेल, किंवा संधिवातामुळे त्याच्या मनगटात जोर उरला नसेल, तर कंत्राटदाराला बोलावण्यापूर्वी त्याच्याबरोबर दारापर्यंत जावे आणि तो ते कसे उघडतो हे पाहावे. फ्लोअर स्प्रिंगचे, म्हणजे जमिनीत बसवलेल्या स्प्रिंगने आपोआप मिटणारे, जड काचेचे दार आपल्याकडे ओढताना त्याचा एक हात मुठीवर आणि दुसरा चाकावर असतो. दार ओढू गेले की खुर्ची पुढे सरकते, खुर्ची मागे घेतली की दार हातून निसटते, आणि आत शिरता शिरता तेच दार पाय ठेवायच्या पट्टीवर येऊन आदळते. हे रोज अनेकदा घडत असते.

आपोआप उघडणाऱ्या दाराची मागणी लेखी करावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार अशी वाजवी सोय करून देणे शासकीय आस्थापनांना बंधनकारक आहे. खासगी आस्थापनांनाही कलम २१ नुसार समान संधी धोरण जाहीर करावे लागते, आणि २० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असल्यास त्यात अडथळाविरहित वावराची तरतूद व संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक असावी लागते. अर्जात आजाराचा इतिहास देण्यापेक्षा कोणते दार कुठे अडते हे नेमके लिहावे.

गजबजलेल्या प्रवेशद्वाराला सेन्सरचे सरकते दार सोयीचे पडते; आतल्या दारांना, विशेषतः स्वच्छतागृहाच्या दाराला, आहे त्याच दारावर मोटर व बटण बसवता येते. मात्र दार उघडल्यावर मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर हवी. बटण दाराच्या फिरण्याच्या कक्षेबाहेर असावे, नाहीतर ते दाबणाऱ्यालाच दार लागते. पूर्ण उघडलेले दार निदान ५ सेकंद थांबावे; कुबड्यांनी चालणाऱ्याला याहून अधिक वेळ लागतो, म्हणून ही वेळ त्याला चालायला सांगूनच ठरवावी. प्रवेशासाठी कार्ड लागत असेल, तर कार्ड टेकवताच कुलूप सुटून दारही उघडले पाहिजे. वीज गेल्यावर ते हाताने सहज ढकलता येते का, हे काम ताब्यात घेण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून तपासावे.

वीज वाचवण्यासाठी सायंकाळी मोटर बंद करून ठेवण्याची सवय अनेक इमारतींत आहे. उशिरापर्यंत थांबणारा सहकारी त्यामुळे आत अडकतो, हे रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाला समक्ष सांगावे आणि दुरुस्ती करणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक त्याच्या टेबलावर लावून ठेवावा.