डोळ्यांना सोसेल असा मॉनिटर घ्यायचाय? आधी फोनचा कॅमेरा काढा

दुपारी चार वाजले की माझ्या भुवयांच्या वर ठणका सुरू व्हायचा, डोळे चुरचुरायचे, वाटायचं चष्म्याचा नंबर वाढला. तपासून आलो तर नंबर जिथल्या तिथे. मग मॉनिटरचा ब्राइटनेस पार २५ वर आणला, म्हटलं आता तरी बरं वाटेल, तर त्रास उलट वाढला आणि का वाढला हे कळायला मला जवळपास वर्ष गेलं. ज्यांना असंच होतंय त्यांचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून हे लिहितोय. सगळे एकच सांगतात, स्क्रीन कमी बघ. कामच स्क्रीनवर असेल तर कमी कसं बघणार?

एलसीडीच्या पडद्यामागे एलईडी दिवे असतात. त्यांचा उजेड कमी करायचे मुख्य मार्ग दोन. एकतर दिव्यांना मिळणारा करंट कमी करायचा, ह्याला डीसी डिमिंग म्हणतात. नाहीतर दिवे पूर्ण ताकदीने लावून सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करत राहायचं, हे पीडब्ल्यूएम. ही लुकलुक नजरेला कळत नाही, उजेड स्थिरच वाटतो, पण काही जणांना ती सोसत नाही, डोकं धरतं. आणि ब्राइटनेस जितका खाली आणाल तितका वेळ दिवा जास्त बंद राहतो, म्हणजे मी आराम मिळावा म्हणून जे करत होतो त्यानेच लुकलुक वाढत होती.

हे दुकानात उभ्या उभ्या तपासता येतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा नाहीतर तुमच्या गावच्या दुकानात जा, डेमो पीस चालू करायला सांगा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि ब्राइटनेस २० वर आणा, हे विसरू नका कारण १०० वर दिवे सलग चालू असतात आणि काहीच सापडत नाही. मग फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड (ज्यात सेटिंग आपल्या हाताने बदलता येतात) लावून शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि स्क्रीनकडे धरा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर तो मॉनिटर सोडा. प्रो मोड नसेल तर स्लो मोशन व्हिडिओ काढा, बऱ्याचदा त्यातही कळतं. बॉक्सवर फ्लिकर-फ्री, म्हणजे लुकलुक नसलेला, असं लिहिलेलं असतं, टीयूव्ही राइनलँड ह्या जर्मन तपासणी संस्थेचा शिक्का असतो, ते बघा जरूर, पण चाचणी तरीही करा. ऑनलाइन घेणार असाल तर आर्टिंग्ज (rtings.com) आणि नोटबुकचेक (notebookcheck.net) ह्या साइटवर मॉडेलचं नाव टाकून बघा, हे लोक लुकलुक मोजून छापतात.

पट्टे दिसत नाहीत तरी त्रास होतोय असंही असतं. मग डिदरिंगचा संशय घ्या. स्वस्तातलं ६-बिट, म्हणजे मुळात कमी छटा दाखवू शकणारं, पॅनेल जवळजवळच्या दोन छटा भराभर आलटून पालटून दाखवतं आणि मधला रंग असल्याचा भास करतं, स्पेसिफिकेशनमध्ये ते कधीकधी ६-बिट प्लस एफआरसी असं लिहिलेलं असतं. त्याऐवजी खरं ८-बिट मागा.

अक्षरं किती स्पष्ट दिसतात हेही बघा, नाहीतर आपण नकळत पुढे वाकून डोळे बारीक करत बसतो. २७ इंचाला फुल एचडी घेऊ नका, इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल पडतात, अक्षरं खरखरीत दिसतात. तेच रिझोल्यूशन २४ इंचाला ९२ पडतं, चालून जातं, आणि २७ इंचाला १४४० (म्हणजे २५६० बाय १४४० पिक्सेल) घेतलं तर १०९. मराठीत टाइप करणाऱ्यांनी तर हे बघाच, मात्रा, रफार, जोडाक्षरं कमी पिक्सेलमध्ये एकमेकांत मिसळतात. ओएलईडीचा (ह्यात मागे दिवे नसतात, पिक्सेल स्वतःच उजळतात) काळा रंग सुंदर असतो पण सबपिक्सेलची, म्हणजे पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची, मांडणी वेगळी असल्यामुळे बऱ्याच मॉडेलांवर अक्षरांना रंगीत कडा दिसतात, दिवसभर वाचायचं-लिहायचं काम असेल तर मी आयपीएस पॅनेलवालं एलसीडीच सांगेन, तेही मॅट कोटिंगवालं, कारण चकचकीत स्क्रीनवर मागची खिडकी आणि ट्यूबलाइट दोन्ही येऊन बसतात.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवर फार पैसे घालवू नका. कॉक्रेन ह्या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०२३च्या आढाव्यात ह्या ब्लू लाइटच्या चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं दिसलं नाही. संध्याकाळी स्क्रीन पिवळसर केलेली बरी वाटत असेल तर करा, ती सोय विंडोजमध्ये फुकट आहे.

घरी आणल्यावर स्क्रीनशेजारी पांढरा कागद धरा, कागदापेक्षा स्क्रीन दिव्यासारखी उजळ वाटली तर ब्राइटनेस कमी करा, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली, अंतर हातभर. आणि आठवडाभर रोजचंच काम, रोजच्याच जागी, रोजच्याच उजेडात करून बघा, कारण दुकानातल्या दहा मिनिटांत ठणका लागत नाही, चार वाजताच लागतो. घेण्याआधी रिटर्नची मुदत विचारून बिलावर लिहून घ्या आणि तोवर खोका, थर्माकोल काही टाकू नका.