सवलतीच्या खोलीतली गळती: दुरुस्ती कशी करून घ्यायची

मी सोलापुरात एका सरकारी खात्याच्या सवलतीच्या भाड्याच्या वसाहतीत राहते, पहिल्या मजल्यावर. घरीच शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम करते. एका मे महिन्यात, पावसाचा थेंब नसताना, शिवून घडी घालून ठेवलेल्या पांढऱ्या शर्टांवर छतातून गंजाचं पाणी पडलं. कारखान्याने बावीस शर्ट परत पाठवले. दुरुस्ती झाली ती पुढच्या एप्रिलात. मधले सात महिने मी नुसतं तोंडी सांगत राहिले. तुमचे तसे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

तोंडी म्हणजे कसं, तर जिन्यात वॉचमनला, फोनवर जेई साहेबांना (खात्याच्या कनिष्ठ अभियंत्यांना), भाडं भरताना खिडकीतल्या बाईंना. सगळ्यांनी "माणूस पाठवतो" म्हटलं. एकदा साहेब आलेही. वर बघून म्हणाले, "वरच्यांनी पाणी सांडलंय, तुम्ही आपसात मिटवून घ्या." मी वरच्या अक्कांशी भांडले. आमचा आठ दिवस अबोला होता, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण चूक त्यांची नव्हती.

म्हणून अर्जाआधी गळती कुठून येते ते शोधा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरावर दोन महिने खुणा केल्या. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं आणि त्या दिवशी सगळी इमारत पिंप, बादल्या, टाकी भरून घेते. पाण्याच्या वाराला निळा गोल, छत ठिबकलं की लाल फुली. प्रत्येक लाल फुली निळ्या गोलाच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पडली. म्हणजे गळत होता तो वरच्या मोरीतला जुना पाइप आणि नहाणी ट्रॅपचा, म्हणजे सांडपाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याचा, जोड, आणि ते काम घरमालकाचं. तुमच्याकडे फुल्या फक्त पावसाच्या दिवसांवर पडत असतील तर गच्चीचा स्लॅब बघा. आमच्या सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, जूनमध्ये छत कोरडं राहिलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

आणखी एक तपासा. लाकडी दांड्याने छतावर हलकं ठोका. पोकळ आवाज आला, प्लास्टर फुगलेलं असलं किंवा सळई दिसत असली, तर त्याखालची खाट आणि पाळणा आजच हलवा. अर्जात 'गळती' एवढंच न लिहिता 'प्लास्टर पडून इजा होण्याचा धोका' असं स्पष्ट लिहा. इमारत तीस वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवालही मागा. महापालिका हद्दीत अशा इमारतींची तपासणी कायद्यानेच करावी लागते.

अर्ज एक पानाचा पुरे. वर उपअभियंत्यांचं पद, मग विषय, इमारत आणि खोली क्रमांक, गळती कधीपासून, किती वेळा, काय नुकसान झालं, नेमकं काय काम हवं. सोबत फोटो आणि कॅलेंडराच्या पानांची झेरॉक्स. एका अर्जात एकच तक्रार. मी आधी गळती, जिन्यातला दिवा आणि तुंबलेलं गटार एकत्र लिहिलं होतं. दिवा लागला आणि 'कार्यवाही झाली' म्हणून अर्ज बंद झाला.

अर्ज साहेबांच्या हातात देऊ नका, आवक-जावकच्या टेबलावर द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. पुढे कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न 'आवक नंबर काय?' हाच असतो.

एकाच पाइपावरची सगळी घरं मिळून सही करा. आमच्याकडे आठ सह्या झाल्या. तिघी शेजारणींना तेलुगूच नीट येतं, म्हणून अक्कांनी अर्ज त्यांना तेलुगूत समजावून सांगितला, मगच सह्या घेतल्या. न कळलेल्या कागदावर कुणाची सही घेऊ नये.

आता भाड्याबद्दल. घर खासगी मालकाचं असेल आणि तुम्ही कायद्याने भाडेकरू असाल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 मधलं कलम 14 कामाला येतं. दुरुस्तीची नोटीस द्यायची, किमान पंधरा दिवस थांबायचं, तरी काम झालं नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. सरकारच्या किंवा महापालिकेच्या मालकीच्या घरांना मात्र हा कायदा लागू नाही. तिथे कुणाचं ऐकून भाडं थांबवू नका. थकबाकी दिसली की तुमची तक्रार बाजूला पडते आणि वसुलीची नोटीस येते. पावत्या फाइलमध्ये लावून ठेवा.

महिनाभर उत्तर आलं नाही. चौकशी केली तर "निधी नाही" असं कळलं. मी म्हटलं, "साहेब, एवढंच लेखी द्या." तेही मिळालं नाही, तेव्हा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. विचारलं एवढंच: या आवक नंबरच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, आणि अंदाजपत्रक केलं असल्यास त्याची प्रत द्या. 'काम का केलं नाही' असं विचारू नका, कागद मागा. उत्तराची मुदत तीस दिवसांची. ती संपायच्या आत जेई साहेब टेप घेऊन मोरी मोजायला आले.

तरीही हललं नाही तर लोकशाही दिन आहे, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर ऐकतात तो दिवस. जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकेत महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज पंधरा दिवस आधी, दोन प्रतींत द्यावा लागतो. मला तिथवर जावं लागलं नाही.

काम सुरू झालं की घरी थांबा. त्या दिवशी मी शिवणयंत्र बंद ठेवलं. फरशी परत बसवण्याआधी मोरीचं तोंड बंद करून चोवीस तास पाणी साठवून बघायला सांगा. मिस्त्री म्हणाला, "एवढं पाणी कुठून आणायचं?" म्हणून आम्ही चाचणी पाण्याच्या वारालाच ठेवली. अक्कांनी पिंपातलं पाणी दिलं. खाली मी रात्री दोनदा उठून टॉर्चने छत पाहिलं. कोरडं होतं, तेव्हा सकाळी 'काम समाधानकारक' या कागदावर सही केली, त्याआधी नाही.

सही करताना ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी किती ते विचारून घ्या. त्या मुदतीत पुन्हा गळलं तर त्याने फुकट दुरुस्त करायचं असतं. मी ती शेवटची तारीख शिक्क्याच्या प्रतीमागे लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, आणि कॅलेंडरावर निळे गोल अजून करते.