आधी काचेजवळ, मग पुलावरून: रविवारची चित्रं पाहण्याची माझी पद्धत

माझ्या चित्रकलेच्या वर्गातली मुलं इंटरमीजिएटच्या परीक्षेत स्मरणचित्र म्हणून रिक्षा स्टँड झकास काढतात. त्या स्टँडमागच्या भिंतीवर कुणी काय रंगवलंय असं विचारलं, की सगळी गप्प. पालकांचं उलट आहे. भिंतीपुढे सेल्फी काढायला ते हौसेने उभे राहतात आणि संग्रहालयात मात्र नुसत्या पाट्या वाचून बाहेर येतात. दोघांनाही मी मुंबईतली एकच वाट सांगते: काळा घोडा, चर्चगेट, वांद्रे. याच क्रमाने जा. लहान चित्र आधी पाहिलं नाही, तर मोठ्या चित्राचं मोठेपण म्हणजे फक्त आकार, असं वाटत राहतं.

बरोबर पेन्सिल, छोटी वही आणि एक पुठ्ठा घ्या. पुठ्ठ्याला मधोमध काडेपेटीएवढी खिडकी कापा. दिवसभर एकच प्रश्न विचारायचा: चित्रकाराने मला कुठे उभं केलंय?

सुरुवात काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या लघुचित्रांपासून. उजेड कमी आहे म्हणून कुरकुर करू नका. कागदावरचे रंग उडू नयेत म्हणून अशा दालनांत प्रकाश साधारण 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास ठेवतात. डोळे स्थिरावू द्या आणि सगळं दालन पालथं घालायच्या फंदात न पडता एकच चित्र निवडा. लघुचित्र ही हातात धरून पाहायची वस्तू. ते काचेमागे लावलंय ते आपल्या सोयीसाठी. म्हणून काचेला नाक न लावता जितकं जवळ जाता येईल तितकं जा.

मेवाडच्या राणा जगतसिंहाने 1649 च्या सुमारास एक सचित्र रामायण करवून घेतलं. त्याची पानं पुढे विखुरली. बरीचशी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत गेली, काही या संग्रहालयाकडे आहेत. त्यातलं पान मांडलेलं असेल तर नशीबच, नाहीतर कथा सांगणारं दुसरं एखादं मेवाडी पान शोधा. अशा चित्रांत एकाच चौकटीत तोच राम पुन्हापुन्हा येतो, कारण गोष्ट पुढे सरकत असते. राम किती वेळा आलाय ते मोजा आणि कुठून कुठे गेला, ती वाट वहीत एका रेषेने काढा. रेखाटन सुबक यायची गरज नाही.

याच इमारतीत टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं आहेत. तिथे उलटं करायचं. आधी लांब उभं राहून डोळे किलकिले करा, म्हणजे तपशील विरघळून फक्त उजेड आणि अंधार उरतो. मग हळूहळू पुढे सरका. रेशमी बाहीचे ज्या पावलाला नुसते रंगाचे फटकारे होतात, ते पाऊल लक्षात ठेवा.

आता चालत चर्चगेट. स्टेशनच्या इमारतीवर ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्राने रंगवलेले गांधीजी आहेत. रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जा आणि पुठ्ठ्याच्या खिडकीतून चित्राचा एक तुकडा पाहा: फक्त रंगीत भौमितिक आकार. पुठ्ठा काढला की माणूस परत येतो. मघाच्या रेशमी बाहीचीच ही गंमत, फक्त इथे मागे सरकायला अख्खा रस्ता लागतो. लोकलमधून उतरलेले हजारो लोक या चित्राकडे पाठ करून निघून जातात, हेही पाहून घ्या.

वांद्र्याला रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी 2014 साली दादासाहेब फाळके रंगवले. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेते. दहिया मूळचे हरियाणाचे, सुरुवातीला घरांना चुना मारायचं काम करत; कलेचं शिक्षण नंतर. आणि फाळके? ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी, पुढे राजा रविवर्म्याच्या छापखान्यात कामाला होते. रविवर्म्याने हा छापखाना 1894 मध्ये गिरगावात काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. राजवाड्यांतल्या तैलचित्रांमधली लक्ष्मी-सरस्वती तिथे छापून चाळीतल्या खोलीपर्यंत पोचली. त्याच छापखान्यात राबलेला माणूस सिनेमा काढतो, सिनेमा रस्त्यावर रंगवलेली पोस्टरं आणतो (चित्रकार एम. एफ. हुसेनही तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत), आणि शेवटी तोच माणूस भिंतीवर चढतो. ‘अभिजात’ आणि ‘रस्त्यावरचं’ यांच्यात रेघ ओढणाऱ्याने ती इथे कुठे ओढायची ते मला दाखवावं.

फाळक्यांचं हे चित्र जवळच्या पुलावरून जाणाऱ्या गाडीतून दिसावं असं आहे. त्यामुळे बस किंवा टॅक्सीतून एकदा जाच. चार-पाच सेकंदांत काय लक्षात राहिलं ते लगेच वहीत उतरवा. जे उतरलं नाही, ते चित्रकाराने बहुधा मुद्दामच गाळलेलं असतं.

मग चॅपल रोडच्या गल्ल्या. दहियांनी 2012 मध्ये इथेच अनारकली रंगवली होती. गल्ली अरुंद, त्यामुळे मागे सरकायला जागाच नाही. पुन्हा लघुचित्राच्या अंतरावर आलात. इथे पोपडे पाहा. अजिंठ्याच्या भिंतींना माती, तूस आणि वनस्पतींच्या तंतूंचा गिलावा आहे, त्यावर पातळ चुना आणि मग रंग. इथे सिमेंट, अस्तर, इमल्शन आणि दरवर्षीचा पाऊस. रंग कुठून सुटलाय यावरून भिंत आधी किती नीट तयार केली होती ते कळतं. खिडकी, पाइप, मीटरचा डबा चित्रकाराने टाळलाय की चित्रात घेतलाय, तेही तपासा. माझ्या लेखी अर्धे गुण त्यालाच.

सगळ्या भिंती आवडून घेऊ नका. फोटोसाठी काढलेले फुलपाखराचे पंख आणि सुविचारांशेजारची हसरी पृथ्वी मला कंटाळवाणी वाटते, आणि संग्रहालयातही बेतास बात चित्रं असतातच. नावडलं तर कारण एका ओळीत लिहा. ‘छान’ आणि ‘भंगार’ हे दोन शब्द वर्ज्य.

फोटो काढताना चौकटीत एखादा माणूस येऊ द्या, नाहीतर घरी गेल्यावर भिंतीची उंची कळत नाही. खाली तारीख आणि गल्लीचं नाव लिहा. संग्रहालयात फ्लॅश बंद.